आईचे गुरुवार

धाकट्याला आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. भिंतीपलीकडून कुणीतरी आपली परीक्षा घेतंय, असं सांगायचा. आई त्याला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली. मागल्या जन्मीचं काहीतरी भोवतंय, असं तिला कुणी म्हणालं. तिनं गुरुवार धरले. पुढे डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं नाव घेतलं आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मला हायसं वाटलं. पाप गेलं, डोपामीन आलं.

अर्थात, डॉक्टरी विद्येनं तरी आयांना कुठे सोडलं होतं? फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी 1948 साली हा आजार ‘घडवणाऱ्या’ आईची कल्पना मांडली. 1952मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझीननं रुग्ण सावरू लागले, तरी आईवरचा तो ठपका कितीतरी वर्षं पुसला गेला नाही.

2016मध्ये सी-फोर जनुकावरचं संशोधन आलं. वयात येताना मेंदू पेशींमधल्या जादा जोडण्या छाटतो. या जनुकाच्या काही रूपांमुळे ती छाटणी बहुधा प्रमाणाबाहेर होत असावी. मी उत्साहानं आईला सांगायला गेले. ती तांदूळ निवडत होती.

“ते जनुक माझ्याकडनं आलं की ह्यांच्याकडनं?”

तिचा एक भाऊ आयुष्यभर माडीवर एकटा राहिला होता, ते मला तेव्हा आठवलं. मी घाईनं म्हटलं, एकटं जनुक काही करत नाही, अशी शेकडो असतात. तंतोतंत सारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्याहून अधिक वेळा होत नाही.

“म्हणजे कुणाचंच चुकलं नाही?”

“कुणाचंच नाही, आई.”

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पडला. पाप असतं तर प्रायश्चित्त असतं, उपास असतो, प्रदक्षिणा असतात. माझ्या विज्ञानानं तिला निर्दोष ठरवलं आणि तिच्या हातचं काम काढून घेतलं. आजारी पोराला गेल्या जन्मीचा गुन्हेगार ठरवणारा कर्मविपाक मला आजही मान्य नाही. तो क्रूर आहे. पण निर्दोष माणसानं काय करायचं, हे मी तिला सांगू शकले नाही. गुरुवार तिनं शेवटपर्यंत सोडले नाहीत.

आता धाकट्याच्या गोळ्या मी देते. क्लोझापीन चालू असल्यामुळे पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. रक्त द्यायला आम्ही महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जातो. उपास मात्र मी करत नाही.