न दिसणे आणि नसणे

एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्या आधारावर ती नाहीच असा निवाडा देण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ईश्वर, आत्मा आणि परलोक यांच्याच संबंधात विचारला जातो, आणि त्यामुळे तो मठात किंवा परिषदेतच शोभणारा प्रश्न आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः ज्याला ज्याला एखाद्या बिघाडाचे मूळ शोधावयाचे असते, त्या प्रत्येकापुढे तो उभा राहतो; आणि जुन्या लष्करी डिझेल मालमोटारीच्या इंधनव्यवस्थेत तर तो इतक्या निखळ स्वरूपात भेटतो की, तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने काही काळ पोथी मिटून एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी केली, तर त्याच्या अध्ययनाची हानी खचित होणार नाही.

उदाहरणादाखल भारतीय सैन्याची ‘शक्तिमान’ गाडी घ्यावी. ऑग्सबुर्ग येथील ज्या कारखान्यात १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी ठरले, त्याचीच वंशज असलेल्या ‘एम.ए.एन.’ या जर्मन कंपनीच्या परवान्यावर ही गाडी १९५९ पासून जबलपुरात तयार होऊ लागली, आणि १९६९ साली तेथे त्यासाठी स्वतंत्र वाहन कारखानाही उभा राहिला. सैन्याच्या दप्तरातून नाव कमी होऊन लिलावात निघालेल्या अशा वृद्ध गाडीबद्दलची नेहमीची फिर्याद ठरलेली असते : रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर कितीही फिरवला तरी ती उठत नाही, आणि कशीबशी उठली तर ऐन चढणीवर दम सोडते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणून या यंत्राचा प्राण त्या फवाऱ्यात असतो. टाकीतील डिझेल फीड पंप ओढून घेतो, फिल्टरमधून गाळून ते मुख्य पंपाकडे जाते, आणि तेथे मिलिमीटरच्या काही हजारांश इतक्या सूक्ष्म फटीने बसविलेले प्लंजर त्याला वातावरणाच्या शेकडो पट दाबाने नोझलकडे ढकलतात. द्रव पदार्थ दाबाने आकसत नाही म्हणण्याइतका थोडा आकसतो, या एका गुणधर्मावर ही सारी रचना उभी आहे. हवा मात्र सहज आकसते. सबब त्या मार्गात हवेचा बुडबुडा शिरला की प्लंजरचे सारे बळ तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते, नोझल उघडण्याइतका दाब चढत नाही, आणि मिस्त्री म्हणतो, “गाडीने एअर घेतली.”

तपासाला आरंभ होताच मिस्त्रीपुढे दोन अभाव येतात. स्टार्टर फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, तर डिझेल आत पोहोचते पण पेटत नाही असे तो समजतो. धुराचा मागमूसही नसला, तर ते पोहोचतच नाही असे अनुमान करतो. हा पहिला अभाव. मग तो गाडीखाली शिरून टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी हाताने चाचपतो, आणि ती सर्वत्र कोरडी लागते. कोठे थेंब नाही, ओल नाही. हा दुसरा अभाव. नवशिका उमेदवार दोहोंची एकाच वहीत नोंद करतो : धूर नाही म्हणून डिझेल पोहोचत नाही, आणि गळती नाही म्हणून नळी निर्दोष आहे. पहिले अनुमान बहुधा खरे ठरते. दुसरे सपशेल खोटे असू शकते.

असे का व्हावे, याचे उत्तर आपल्या प्रमाणशास्त्रात आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच जमा केले, हा जुना वाद बाजूला ठेवला तरी एका अटीबाबत उभयपक्षी एकमत आहे. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा ठरतो. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे खुशाल म्हणावे. अंधारात तो दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या अटीला शास्त्रकार योग्यता म्हणतात. स्टार्टर फिरत असताना डिझेल आत पोहोचत असते तर ते बाष्परूपाने बाहेर दिसले असते. म्हणून धुराचा अभाव बोलका आहे. उलट टाकी व फीड पंप यांच्यामधील नळीत ओढ असते, तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे ढिला युनियन किंवा झिजलेला वॉशर हवा आत घेतो, डिझेल बाहेर सोडत नाही. रात्री त्याच वाटेने हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरते. ज्या सांध्यातून थेंब बाहेर येण्याचा संभवच नव्हता, त्याच्या कोरडेपणाला निर्दोषत्वाची साक्ष मानणे म्हणजे अंधारात घट नाकारणे होय.

जाणता मिस्त्री येथे डोळे अधिक ताणीत बसत नाही. पाहण्याची योग्यताच तो निर्माण करतो. प्रथम तो टाकीची नळी सोडतो, उंचावर ठेवलेल्या डब्यातून स्वच्छ डिझेल थेट फीड पंपाला देतो, आणि एअर काढण्याचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबून अखंड धार लागेपर्यंत हातपंप मारतो. आता इंजिन सुरळीत चालले तर दोष टाकीच्या बाजूला, न चालले तर पुढे. कारण असता कार्य असते आणि नसता नसते हे पडताळणाऱ्या अन्वय-व्यतिरेकाचा हा शुद्ध प्रयोग आहे. मग सोडलेली नळी जागेवर बसवून तो टाकीकडून तीत अत्यंत हलका दाब देतो. ओढ जाऊन दाब आल्याबरोबर, जो सांधा आजवर चोरून हवा पीत होता त्याच्यावर डिझेलचा थेंब उभा राहतो. दोष पूर्वीचाच, फक्त तो दिसण्याजोगा झाला.

इतके कष्ट ज्याला नको असतात, तो गाडीच्या नशिबाला बोल लावतो, किंवा निष्कारण मुख्य पंपच बदलून मोकळा होतो. आपल्या दर्शनांनी अदृष्टाला, म्हणजे न दिसणाऱ्या कारणाला, स्थान दिले आहे हे खरे. लोहचुंबकाकडे सुईचे धावणे आणि अग्निज्वालेचे वर जाणे यांचे कारण वैशेषिक सूत्रांत अदृष्टच सांगितले आहे. परंतु दृष्ट कारणाने उपपत्ती लागत असता अदृष्टाची कल्पना करू नये, हा दंडकही त्याच परंपरेचा आहे, आणि पुढे भौतिकशास्त्राने ही दोन्ही प्रकरणे दृष्टाच्या खात्यात वर्ग केली, यात त्या दंडकाचे पालनच झाले. अदृष्ट ही तपासाच्या अंती, तीही तात्पुरती, करावयाची नोंद आहे. तपास टाळण्याची ती सवलत नव्हे.

ईश्वराच्या प्रश्नालाही हाच न्याय लागू पडतो. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त, प्रत्यक्ष दिसेल तेवढेच मानणाऱ्या चार्वाकाला उत्तर देताना योग्यतेचीच अट पुढे केली : जो स्वभावतःच इंद्रियगोचर नाही, तो दिसत नाही म्हणून नाही असे कसे म्हणावे? न दिसणारे सर्वच नसते, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला आपल्या बायकामुलांसाठी शोक करीत बसावे लागेल. उत्तर बिनतोड आहे. तथापि त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. नास्तिकाचा दावा पुराव्याअभावी निकालात निघाला, म्हणून आस्तिकाच्या लाभात हुकूमनामा झाला असे होत नाही. उदयनाचार्यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात ईश्वरसिद्धीसाठी स्वतंत्र अनुमाने मांडण्याचे ओझे पत्करले. आजचा श्रद्धावंत मात्र पुष्कळदा पहिल्या उत्तरावरच थांबतो, आणि आजचा बुद्धिवादी ती अट वाचण्यापूर्वीच निकालपत्र लिहून ठेवतो.

माझ्या मते दोघांवरही समान जबाबदारी आहे. जो ‘नाही’ म्हणतो त्याने, ते असते तर कोठे आणि कसे दिसले असते, हे आधी सांगावे. जो ‘आहे’ म्हणतो त्याने, दिसत नसले तरी ते कोणत्या कार्यावरून मानावे लागते आणि त्या कार्याला दुसरे दृष्ट कारण का पुरत नाही, हे दाखवावे. एवढी सिद्धता होईपर्यंत, मग प्रश्न कोरड्या नळीचा असो की जगत्कर्त्याचा, निर्णय राखून ठेवणे हेच विवेकी मनुष्याला शोभते.