बाहेर पडायची वाट

2012च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत आमच्या शेजारच्या अंगणात एक ट्रक उभा राहिला तो उभाच राहिला. पावसाळ्यात टायरांभोवती रान माजलं, हौद्यात तांबडं पाणी साचलं. बँकेचे हप्ते चालूच होते. विकावा तर गिऱ्हाईक नाही, कारण गावातल्या सगळ्यांनाच ट्रक विकायचे होते.

गुंतवणुकीच्या जगात ‘एक्झिट’ हा शब्द फार मोलाचा. प्रायव्हेट इक्विटी फंड चालती कंपनी घेतो, कारभार घट्ट करतो आणि काही वर्षांत हिस्सा विकून बाहेर पडतो. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची. लोकांचे पैसे परत करायचे असतात, म्हणून आत शिरतानाच बाहेरची वाट हेरलेली असते. 2015मध्ये अ‍ॅडव्हेंट आणि टेमासेक यांनी क्रॉम्प्टनच्या पंखे-दिव्यांच्या धंद्यातला 34.37 टक्के हिस्सा सुमारे 2,000 कोटींना घेतला आणि पुढे तो बाजारात विकून ते बाहेर पडले. इकडे गोव्यात कुंडई-बेतोड्याला त्यांचे पंखे बनतच राहिले. यात मला काही वावगं वाटत नाही.

डिचोलीच्या खाणींचे व्यवहारही मी बरीच वर्षं याच नजरेनं बघत होतो. 1954मध्ये इटालियन भांडवलावर सुरू झालेली सेसा ही खाण कंपनी 1996मध्ये जपानच्या मित्सुईकडे आली. एप्रिल 2007मध्ये मित्सुईनं 51 टक्के हिस्सा वेदांतला 98.1 कोटी डॉलरना दिला. जून 2009मध्ये धेंपो कुटुंबानं आपली खाण कंपनी, डिचोलीच्या खाणीसकट, सेसाला 1,750 कोटींना विकली. चीनची मागणी तेव्हा जोरात होती. तीन वर्षांनी बंदी आली. वेळ कशी साधावी याचा नमुना म्हणून मी हा व्यवहार लोकांना सांगत असे.

एप्रिल 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं माझी समजूत मोडली. गोव्यातली खाण लीजं 22 नोव्हेंबर 2007लाच संपली होती, असं न्यायालयानं ठरवलं. 2009मध्ये हे कुणाला ठाऊक असणार? पण मी लीजं संपल्याची आणि धेंपोंच्या विक्रीची, अशा दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या आणि अस्वस्थ झालो. पंख्याचा कारखाना दर वर्षी नवे पंखे काढतो. डोंगरातलं खनिज एकदाच निघतं, आणि ते आहे सगळ्यांचं. त्याच्या विक्रीतून जे आलं त्याला नफा म्हणायचं, की भांडवल मोडून खाणं?

याचं एक उत्तर गोव्याच्या जुन्या गावकारीत होतं: तिथे जमीन गावाची असे. ती लिलावानं कसायला द्यायची, गावाचा खर्च वजा जाता उरेल ते ‘जोण’ म्हणून गावकारांत वाटायचं. जोण दर वर्षी हाती येई, पण ते विकून मोकळं होता येत नसे. बायका आणि कुळं या वाटपाबाहेर होती, तो अन्याय झाकायचं कारण नाही. तरी नातवाचा वाटा आजोबाला विकता येत नाही, ही समज त्यात होती. त्याच 2014च्या निकालात खनिजविक्रीचे 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितलं, ते वाचताना मला जोण आठवलं.

आता पेडण्याची पाळी आहे. तिथल्या मोपा विमानतळाच्या कंपनीत डिसेंबर 2022मध्ये एनआयआयएफ या फंडानं 631 कोटी घालायचं ठरवलं, शेअरमध्ये बदलणाऱ्या रोख्यांतून. अशा रोख्यांच्या करारात परतीची वाट आधीच लिहिलेली असते. मोपाच्या पठारावर ज्यांच्या जमिनी आणि काजूची झाडं गेली, त्यांच्या कागदावर भरपाईचा आकडा आहे. विमानतळाच्या वाढत्या मोलातला वाटा त्या कागदावर कुठेच नाही.