गहाण ठेवलेला शब्द

सई टास्मानियात होबार्टला दोन वर्षं कायदा शिकून परतली आणि वाईजवळच्या गावी आजोबांकडे आली. आबा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी ओसरीवर तिने त्यांना मोबाइलमधला एक फोटो दाखवला. चर्चच्या आवारात एक लहानसं थडगं. तिथून बोलणं सुरू झालं.

सई : या बाळाचं नाव हेन्री. रिचमंड नावाच्या गावात आहे हे. १८५२ च्या जूनमध्ये, चार महिन्यांचा असताना गेला. बापाने त्याला पाहिलंच नाही.

आबा : बाप कुठे होता?

सई : न्यूयॉर्कमध्ये. थॉमस फ्रान्सिस माहर, आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा. इंग्रजांविरुद्धच्या १८४८ च्या उठावात पकडला गेला. आधी देहान्ताची शिक्षा झाली, मग जन्मभराची हद्दपारी. १८४९ च्या ऑक्टोबरात त्याला टास्मानियात आणून सोडलं.

आबा : म्हणजे काळं पाणीच.

सई : हो, पण कोठडी नव्हती. पळून जाणार नाही असा शब्द द्या आणि नेमून दिलेल्या तालुक्यात मोकळे राहा, अशी सरकारची अट होती. त्याने शब्द दिला. सोरेल तळ्याकाठी घर बांधलं, होडी ठेवली, १८५१ मध्ये कॅथरीन बेनेटशी लग्न केलं. आणि १८५२ च्या जानेवारीत निसटला.

आबा : शब्द मोडला की मग.

सई : मोडला नाही आबा, मागे घेतला. दंडाधिकाऱ्याला पत्र लिहून कळवलं की माझा शब्द यापुढे धरू नका. पोलीस घराशी येईपर्यंत थांबला, त्यांना समोर दिसला, आणि मगच घोड्याला टाच मारली. निदान तो स्वतः तसं सांगायचा.

आबा : घोड्यावर बसून थांबला होता ना?

सई : हो.

आबा : मग ते थांबणं कसलं! हे बघ, आपलं वरचं वावर माझ्या वडलांनी एकदा गहाण टाकलं होतं. सोडवायचं म्हणजे काय करायचं? सावकाराला नुसती चिठ्ठी धाडून चालतं का, की उद्यापासून वावर माझं? घेतलेली रक्कम आधी त्याच्या हातात ठेवावी लागते. याने शब्द गहाण टाकून काय उचललं? मोकळीक उचलली. तळं, होडी, बायको, घोडा, सगळं त्या मोकळिकीतून आलेलं. शब्द परत हवा होता, तर मोकळीक आधी परत करायची. पायी चालत ठाण्यावर जायचं, म्हणायचं, घाला कोठडीत. मग कोठडी फोडून पळाला असता, तर मी उभं राहून सलाम केला असता.

सई : तसं करणारा एक होता त्यांच्यात. विल्यम स्मिथ ओब्रायन, उठावाचा पुढारी. त्याने सुरुवातीला शब्द द्यायलाच नकार दिला. मग त्याला मरिया बेटावर एकटं डांबलं. १८५० मध्ये तिथून पळायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे तब्येत ढासळली आणि त्यानेही शब्द दिला. पण एकदा दिल्यावर पाळला. १८५४ मध्ये सरकारने त्याला सोडलं, १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळून तो आयर्लंडला परतला. माहरला मायभूमी पुन्हा दिसली नाही.

आबा : बघ. शब्दाला जागला तो घरी पोचला.

सई : पण हे गहाणखत लिहून कुणी घेतलं, आबा? सावकाराकडे आपण आपल्या पायांनी जातो. यांच्या मानेवर सुरी होती. शब्द घेतला की पहारेकरी नकोत, भिंती नकोत. माणसाच्या अब्रूलाच त्याच्यावर पहाऱ्याला बसवायचं. अशा कराराला आमच्या कायद्यातही किंमत नाही. आणि माणूस कोण, तर आयर्लंडचा आजचा हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा १८४८ च्या मार्चमध्ये वॉटरफर्डला पहिल्यांदा फडकवणारा. त्याने जन्मभर तळ्यात होडी वल्हवत बसायचं?

आबा : सुरी ओब्रायनच्या मानेवरही होती. तरी त्याला नाही म्हणता आलं. बरं, सुटून याने केलं काय?

सई : व्याख्यानं दिली, वकिली केली, वर्तमानपत्र काढलं. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा उत्तरेच्या बाजूने आयरिश ब्रिगेड उभी केली आणि तिचा ब्रिगेडियर जनरल झाला. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गला टेकडीवर चढाई होती. टोप्यांत हिरव्या पाल्याची एकेक डहाळी खोचून सुमारे १२०० जण गेले. समोर दगडी कुंपणाआड बंदुका. ५४५ जण मेले, जखमी झाले किंवा हरवले. कुंपणापलीकडे जॉर्जियाच्या पलटणी होत्या, त्यांच्यातही आयरिश होते.

आबा : (बराच वेळ गप्प राहून) उघड्या रानातून, चढावर, भिंतीआडच्या बंदुकांवर. काय सांगून नेलं होतं त्यांना?

सई : की इथे लढाई शिकलात, तर उद्या आयर्लंडसाठी लढाल.

आबा : मग तोही शब्दच झाला. दिला त्याने, फेडला त्या पोरांनी.

सई : तुम्ही असं म्हणालात म्हणून बोलते. होबार्टला मी त्याचीच बाजू घ्यायचे. रिचमंडच्या त्या थडग्यापुढे उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा अडखळले. तो पळाला तेव्हा कॅथरीन गरोदर होती. ती मागे राहिली, बाळ तिने एकटीने पुरलं. नंतर ती त्याला भेटायला अमेरिकेपर्यंत गेली, पण १८५४ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर वॉटरफर्डला, सासरी वारली. त्याही मुलाचं तोंड बापाने कधी पाहिलं नाही. पत्रात त्याने सरकारला दिलेला शब्द मागे घेतला. बायकोला दिलेल्या शब्दाचं काय, हे त्या दंडाधिकाऱ्याने विचारायचं कारण नव्हतं. विचारायला हवं होतं ते त्यानेच.

आबा : म्हणजे आता तूही माझ्याच बाजूला.

सई : पुरती नाही. शब्द पाळला असता तर कुणाला काही सोसावं लागलं नसतं, असं तुम्ही म्हणाल का?

आबांनी कपाळावरून हात फिरवला. अंगणात अंधार उतरला होता.

आबा : नाही म्हणणार. १९७१ ला मी रजेवर आलो होतो. आई अंथरुणाला खिळलेली. रजेच्या कागदावर तारीख होती, तीच माझी जबान. चार दिवस थांब, ती म्हणाली. मी तारखेला गाडीत बसलो. चौथ्या दिवशी ती गेली. तार मिळाली तेव्हा आम्ही सरहद्दीवर होतो. शब्द मी पाळला पोरी. फेडला तिने.

सई : पुन्हा तशी वेळ आली तर?

आबा : गाडीत बसेन. पण या वेळी तिच्या उशाशी बसून तिला आधी विचारेन, जाऊ का म्हणून. तेव्हा विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं, जातो.

सईने मोबाइल पालथा ठेवला. आबा थोड्या वेळाने म्हणाले, "तो फोटो पुन्हा दाखव. बाळाचं नाव काय म्हणालीस?"

"हेन्री."