'का' विचारणारी परिचारिका

1854-55च्या हिवाळ्यात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल असतानाही सैनिक मोठ्या संख्येने दगावत होते. क्रिमियन युद्धानंतर कौतुकात न रमता त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृत्यूंचे आकडे तपासले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक बळी घेतले होते. रात्री दिवा घेऊन रुग्णांना पाहणाऱ्या नाइटिंगेल यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. ही तपासणी क्वचितच कुणी सांगतं. असं थांबून 'का' विचारणं आजच्या परिचारिकेलाही हवं. वॉर्डात खाटा भरलेल्या, सिस्टर मोजक्याच, मग चिंतनाला वेळ कुठला, हा आक्षेप खराच आहे. पण ड्यूटी बदलताना 'काय केलं' यासोबत 'का केलं' हे सांगायला कितीसा वेळ लागतो? रक्तदाब उतरलेला दिसताच, सकाळी लिहिलेली दाबाची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारणं, यात आज्ञाभंग कसला? असं विचारणाऱ्या विद्यार्थिनीला नर्सिंगच्या परीक्षेत गुण मिळायलाच हवेत.