थळ कोणाचे?

दिवाळीला माणसे घरी जमली की फराळाच्या ताटाभोवती एक प्रश्न हमखास निघतो. घरात नव्याने आलेली सून किंवा शाळेत जाणारा नातू विचारतो, “आपले मूळ गाव कोणते?” मग वडील मंडळी जरा सावरून बसतात. गावाचे नाव सांगताना त्यांच्या आवाजात एक ठामपणा येतो, आणि त्या नावामागून वाडा, विहीर, देवीचे ठाणे, नदीकाठची काळी जमीन असा सारा लवाजमा येतो. ‘मूळ’ हा शब्द आपण अशा थाटात उच्चारतो, की जणू आपल्या आधी त्या मातीत काही उगवलेच नव्हते!

या शब्दाविषयी अलीकडे माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे. मनुष्य आपल्या कुळाचे मूळ शोधायला निघतो तो कशासाठी? आपला हक्क किती जुना आहे हे पाहण्यासाठी, की आपण कोणाचे किती देणे लागतो हे समजून घेण्यासाठी? दोन्ही शोध एकाच वाटेने सुरू होतात. पण ते एकाच ठिकाणी पोचत नाहीत.

हा प्रश्न मला पडण्याचे निमित्त असे झाले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावा असे भाऊबंदांनी ठरवले आणि त्यातले ‘गाव व जमीन’ हे प्रकरण माझ्याकडे आले. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे. ‘होते’ म्हणणे अधिक खरे. कारण १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्याच्या पाण्यात नदीकाठची जी गावे गेली, त्यांत तेही गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला होड्यांतून जातात. आमच्या गावाला एवढे उंच शिखर नव्हते. ज्या शिवारात ज्वारी डोलत होती, त्याच्या कडेच्या उथळ पाण्यात आता हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ज्याची माती हातात घेता येत नाही असे गाव शोधायचे तर ते नकाशातच शोधावे लागते.

इंदापूरच्या माणसाला त्यासाठी फार जुन्या कागदांचा आधार आहे. मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणी १८३५ साली सुरू झाली ती याच तालुक्यात. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर सारा बसवला होता. कागदावर तो हिशेब मोठा शास्त्रशुद्ध होता. शेतकऱ्याला मात्र तो झेपेना, आणि माणसे जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश यांनी नव्याने काम हाती घेतले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, मातीची खोली आणि प्रत पाहून तिचेही आणे ठरले, आणि तीस वर्षांसाठी सारा कायम झाला. आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो हा. पुढे १९४७ च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण होऊन ठिकठिकाणी गट नंबर पडले. त्यामुळे आजोबांचे शेत शोधणाऱ्याला गटावरून सर्व्हे नंबराकडे असे पायरी पायरीने मागे जावे लागते.

तसा मी गेलो. गावाचा जुना नकाशा घेतला. मधोमध गावठाण, त्याला आमची जुनी माणसे ‘पांढरी’ म्हणत. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे शेतांचे बांध, ती ‘काळी’. शेजारी सर्व्हे ऑफ इंडियाचे, मैलाला एक इंच या प्रमाणाचे जुने पत्रक मांडले. पहिल्यात शेते आणि त्यांचे नंबर आहेत. दुसऱ्यात टेकाडे, देवळे, विहिरी आणि पायवाटा आहेत. नदीचे वळण, ओढ्याचे मुख, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा, अशा न हलणाऱ्या खुणा धरून एकावर दुसरा नकाशा बसवायचा. हे काम चिकाटीचे आहे, पण त्यात गोडी आहे. पाण्याखाली गेलेले गाव बोटाखाली हळूहळू जागे होते. इथे खळे असेल, इथून बैलगाड्या उतरत असतील, असे मन आपोआप भरत जाते.

घरच्या रुमालात शेवटच्या बाजीरावाच्या काळातला एक मोडी कागद होता. आमच्या सर्वांत मोठ्या शेताची चतुःसीमा त्यात दिली होती: पूर्वेस ओढा, उत्तरेस भीमा, पश्चिमेस देवळाकडे जाणारी वाट, दक्षिणेस दुसऱ्या एका थळाचा बांध. या चारही सीमा नकाशावरच्या लगतच्या तीन नंबरांना चपखल बसल्या. मला कोण आनंद झाला! पण कागदात सीमांच्या आधी शेताचे नावही होते. ते एका निराळ्याच आडनावाचे थळ होते, आणि त्यापुढे एकच शब्द लिहिला होता: गतकूळ.

आजच्या वाचकाला हे शब्द समजावून सांगायला हवेत. पूर्वी गावची शेते थळांनी ओळखली जात, आणि पुष्कळदा थळाला ते धारण करणाऱ्या घराण्याचेच नाव असे. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार. बाहेरून येऊन सरकारी किंवा दुसऱ्याची जमीन करणारा तो उपरी. मिरासदाराचे घराणे बुडाले किंवा परागंदा झाले की त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून लिहिली जाई. माणसे जात, पण थळाचे नाव मात्र राही. अशी ओस पडलेली जमीन लागवडीस यावी म्हणून उपऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा थोडा आणि पुढे वर्षागणिक चढता. आमच्या पूर्वजाला मिळालेला कौल असाच होता. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी पुणे प्रांत लुटला आणि त्यामागून १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. अशाच एखाद्या वावटळीत ते आधीचे घराणे नाहीसे झाले असावे. त्यांच्या थंड चुलीशेजारी आमची चूल पेटली.

मी हे सारे लिहून काढले आणि तात्यांना, म्हणजे आमच्या घरातल्या सर्वांत वडील चुलत्यांना, वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“अरे, पावणेदोनशे वर्षे आपण ती जमीन कसली. सारा भरला, दुष्काळ काढले. धरणात ती गेली तेव्हा तुझी आजी आठ दिवस जेवली नाही. आता त्या मेलेल्या कुळाचे नाव उकरून तुला काय मिळायचे आहे? पोरांच्या हाती पुस्तक द्यायचे आणि पहिल्याच पानावर ‘आम्ही उपरी’ असे लिहायचे?”

“मग तुम्ही काय लिहावे म्हणता, तात्या?”

“मूळचे म्हण. पाण्याखाली पाहायला कोण जातो आहे?”

तात्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यात एक मोठे तत्त्व आहे. घाम गाळणाऱ्याचा जमिनीवर हक्क असतो, हे तत्त्व पुढे कायद्यानेही मानले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. त्या दृष्टीने आमच्या पूर्वजांनी ती जमीन खरोखरच कमावली होती. परंतु त्यातूनच दुसरी गोष्ट निघते. हक्क जर श्रमाने मिळाला असेल, तर त्याला ‘मूळचे’ या खोट्या दाखल्याची गरजच काय? आणि श्रम हीच जर हक्काची कसोटी असेल, तर हिशेब अर्ध्यावर थांबवता येत नाही. त्या जमिनीवर आणखी कोणाकोणाचे श्रम पडले, तेही पाहिले पाहिजे.

नकाशावर गावठाणाबाहेर हाडकी-हाडोळ्याचे तुकडे होते. गावची चाकरी करणाऱ्या महारांचे ते वतन. चाकरीच्या मानाने ती जमीन किती तोकडी पडे, आणि त्या वतनाने माणूस कसा जखडला जाई, हे डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात दुरुस्तीचे विधेयक आणून साऱ्या प्रांताला ऐकवले. ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. या चाकरीतले एक काम असे होते, की त्याचा विचार करताना मी थबकलो. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की शिव दाखवायची ती महाराने, आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. म्हणजे साखळी येण्यापूर्वी गावाचा नकाशा ज्याच्या स्मरणात होता, तो मनुष्य गावकुसाबाहेर राहत होता! आमच्या शेताची हद्द ज्याच्या शब्दावर टिकली, त्याला आमच्या अंगणात पाऊल टाकायची मुभा नव्हती. आणि धरण आले तेव्हा जमिनीचा मोबदला मिळाला तो उताऱ्यावर ज्याचे नाव त्याला. शिव राखणाऱ्याच्या स्मरणशक्तीला उतारा नसतो.

दुसऱ्या पत्रकावर गावठाणातून नदीकडे गेलेली एक तुटक रेघ होती. पायवाट. ती कोणी मोजून आखली नाही. डोईवर घागरी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या पावलांनी ती पडली. आमच्या वंशवृक्षात दहा पिढ्यांचे पुरुष नावानिशी उभे आहेत. त्यांच्या बायकांपैकी जुन्या पिढ्यांतल्या एकीचेही नाव सापडत नाही. नकाशावरची ती तुटक रेघ हाच त्यांचा एकमेव लेख.

नकाशा करणाऱ्यांच्या मनात यातले काही नव्हते, हे मी जाणतो. त्यांना सारा हवा होता. जमिनीचे आणे ठरवणाऱ्या कागदाकडून माणसांच्या सुखदुःखाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण म्हणूनच तो वाचणाऱ्यावर जबाबदारी येते. तोच नकाशा वकिलाच्या हाती हक्काचा पुरावा होतो, आणि वंशजाच्या हाती देण्याची वही होऊ शकतो. कागद बदलत नाही. आपण त्याला काय विचारतो एवढाच फरक पडतो.

शेवटी मी प्रकरण असे लिहिले: ‘आमचे घराणे या गावी उपरी म्हणून आले. एका गतकूळ थळावर त्याला आसरा मिळाला. त्या थळाचे नाव शेवटपर्यंत त्या आधीच्या घराण्याचेच होते.’ त्याखाली ते आडनाव लिहिले, शिव राखणाऱ्यांचा उल्लेख केला, आणि पाणवठ्याच्या वाटेचाही केला. इथे ते आडनाव देत नाही. त्या आडनावाची माणसे आजही कुठे ना कुठे असतील आणि त्यांना न विचारता ते अंकात छापणे बरे नव्हे.

तात्यांनी मजकूर पुन्हा वाचला. एकही शब्द खोडला नाही. बराच वेळ गेल्यावर इतकेच म्हणाले, “त्या कुळाचे पुढे काय झाले असेल रे?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नकाशात नाही. पण पावणेदोनशे वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो विचारला जावा एवढ्यासाठी तरी नकाशे उलगडून बसावे असे मला वाटते. आपल्या भाषेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. वंशालाही ती कूळ म्हणते आणि दुसऱ्याची जमीन काही काळ कसणाऱ्यालाही कूळच म्हणते. आमची जमीन आता पाण्याची आहे, आणि उद्या कोणाची होईल कोण जाणे! आपण राहून गेलो त्या जागेवर आपल्या आधी कोण होते हे मुलांना सांगता आले, तर ‘मूळचे’ म्हणवून घेण्याची हौस आपोआप कमी होईल, आणि मग उपरी म्हणवून घ्यायला लाजही वाटणार नाही.