आजच्यापुरते चालणे

दुखणी दोन प्रकारची असतात. काही येतात आणि जातात. काही येतात ती मुक्कामाला. हिवताप असो, विषमज्वर असो किंवा मोडलेले हाड असो, रोग्याला त्यात पैलतीर दिसत असतो. कडू औषधे, पथ्यपाणी, अंथरुणावरची सक्ती हे सारे तो सोसतो, कारण अमुक दिवसांनी आपण उठणार हे त्याला ठाऊक असते. मधुमेह, संधिवात, हृदयविकार, कंपवात ह्यांचे तसे नाही. ह्या दुखण्यांना घेऊनच उरलेले आयुष्य काढावयाचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आपल्या देशात एकट्या मधुमेहाचेच सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असावेत असा अंदाज देण्यात आला. तेव्हा हा प्रश्न थोडक्यांचा नाही. आपल्या बहुतेक घरांत तो येऊन बसलेला आहे.

ह्या सर्वांना वैद्य एक गोष्ट आवर्जून सांगतात : चालत जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांचाही विचार केला असून, ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे म्हटले आहे. मुळीच न करण्यापेक्षा थोडी केलेली बरी, हेही तेथे स्पष्ट केले आहे. सल्ला उत्तम आहे, तो पटतोही. नवे बूट येतात, आठ-दहा दिवस पहाटेचा गजर होतो, आणि मग एके दिवशी गुडघा ठणकतो, पाऊस लागतो किंवा रात्री झोप झालेली नसते. बूट दाराशी राहतात. घरातील माणसे म्हणतात, “मनावरच घेत नाहीत.” रोगीही हळूहळू स्वतःविषयी तेच म्हणू लागतो.

मध्य प्रदेशात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने मला एकदा सरळच विचारले, “सर, डॉक्टर सांगून थकले, तरी माझ्याकडून चालायला जाणे होत नाही. हे पाप आहे का हो?” मधुमेह आणि गुडघ्यांची झीज अशी दोन्ही दुखणी त्यांना आहेत. प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. तो नीट उलगडून पाहिला तर त्यात तीन प्रश्न दडलेले दिसतात. रोगी देहाची निगा राखणे हे कर्तव्य आहे काय? ते हातून घडले नाही तर तो नैतिक दोष ठरतो काय? आणि चालण्याची इच्छा जर मनात उगवतच नसेल, तर ती आणावी कोठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या मंडळ्यांत एका वचनाचा आधार पुष्कळदा घेतला जातो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा आणि सुभक्तीचा लाभ सर्व बाबतींत, अशा आशयाचे विधान आहे. मूळ ग्रीक शब्द ‘गुम्नासिया’ हा आखाड्यातला, खेळाडूंच्या तालमीतला. त्याच्याविषयी जो शब्दप्रयोग केला आहे त्याचा अर्थ ‘थोड्या बाबतींत’ असा होऊ शकतो, तसाच ‘थोड्या काळापुरता’ असाही होऊ शकतो. भाषांतर करणाऱ्याला दोहोंपैकी एक निवडावा लागतो. परंतु कोणताही निवडला तरी ‘निरुपयोगी’ असा अर्थ त्यातून निघत नाही. तेथे तुलना आहे, निषेध नाही. देह ही आत्म्याची कबर आहे हा विचार प्लेटोच्या संवादांत आढळतो. इब्री शास्त्रलेखांची दृष्टी निराळी आहे : मातीत श्वास फुंकला गेला आणि मनुष्य जिवंत प्राणी झाला, माती आणि श्वास मिळून तो मनुष्य. म्हणून देह ही आपल्याकडे सोपवलेली वस्तू आहे आणि आपण तिचे कारभारी आहोत. घराच्या भिंतीला तडा गेला म्हणून कारभाऱ्याचे काम संपत नाही. मात्र तडा गेलेल्या घराचा कारभार नव्या घरासारखा करता येत नाही, हेही त्याला समजले पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. हित कळते, पण वळत नाही, ह्या मानवी अवस्थेचा विचार ॲरिस्टॉटलने निकोमाखसच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आपल्या नीतिग्रंथाच्या सातव्या भागात केला आहे. तिला त्याने ‘अक्रासिया’ म्हटले. असा मनुष्य योग्य काय ते जाणतो, परंतु वासनेच्या वा विकाराच्या ओढीने उलट वागतो. दीर्घकाळ आजारी असलेल्या मनुष्याला आपण न चालण्यावरून बोल लावतो, तेव्हा नकळत त्याला ह्याच वर्गात बसवितो. पण त्याला मागे ओढणारी गोष्ट बहुधा सुखाची लालसा नसते. ती वेदना असते, पडण्याची भीती असते, अपुरी झोप असते. मधुमेह्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि नैराश्य हे इच्छेचा झराच आटवून टाकते. ज्याच्याजवळ शक्ती आहे आणि जो ती राखून ठेवतो, त्याला आळशी म्हणता येईल. ज्याची शक्ती सकाळीच संपलेली असते, त्याला तोच शब्द लावणे अन्यायाचे आहे. म्हणून त्या बाईंना मी म्हणालो, “बाई, ‘पाप’ हा शब्द येथून काढून टाका. कर्तव्य आहे, पण ते त्या त्या दिवशी अंगात असलेल्या बळाच्या मापाचे आहे.”

ह्यावर कोणी विचारील, रोज बदलणारे कर्तव्य हे कसले कर्तव्य? ही पळवाट तर नव्हे? ह्या शंकेचे उत्तर मला देहाच्या रचनेतच सापडते. आपण चालतो तेव्हा पायांचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, आणि हे काम ते इन्सुलिनवाचूनही करू शकतात. मधुमेह्याला जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीचा लाभ होतो तो म्हणूनच. चालण्यामुळे शरीर इन्सुलिनला जो अधिक प्रतिसाद देऊ लागते, तो परिणाम एकदोन दिवस, फार तर तीन दिवस टिकतो, मग ओसरतो. गुडघ्याचीही तीच गोष्ट. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव तिच्यात आत-बाहेर होतो तो पाऊल टेकताना येणाऱ्या दाबाने आणि उचलताना मिळणाऱ्या मोकळिकीने, आणि त्यातूनच तिचे पोषण होते. ह्यातील काहीही साठवून ठेवता येत नाही. रविवारी दोन तास चालून आठवड्याची बेगमी होत नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना असाच होता. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरता वेचावा. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. त्या अन्नाने कोणाची भूक कायमची गेली नाही, पण म्हणून ते वेचणे व्यर्थ ठरले नाही.

येथेच बहुतेकांचा उत्साह का मावळतो, ह्याचे कारण दिसते. आपण चालायला निघतो ते बरे होण्याच्या सौद्याने. ‘मी एवढे चालेन, मग आजार जाईल.’ तीन महिन्यांनी आजार तेथेच असतो, आणि सौदा फसला असे वाटून माणूस बसून जातो. पण जो सौदा मुळात झालेलाच नव्हता तो फसेल कसा? दीर्घ आजारात चालणे हे निगा राखण्याच्या वर्गात मोडते. अंगण झाडावे, दिव्यात तेल घालावे, तसे. काल झाडलेले अंगण आज पुन्हा पानांनी भरले म्हणून केरसुणी हाती घेणारी गृहिणी निराश होत नाही, कारण अंगण एकदाच कायमचे स्वच्छ होईल अशी तिची अपेक्षाच नसते. अपेक्षा बदलली की निराशेचे एक मोठे कारण उरत नाही.

आता तिसरा प्रश्न : इच्छा कोठून आणावी? १९५३ साली जेरेमी मॉरिस ह्या ब्रिटिश संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. त्या निष्कर्षांची पुढे बरीच छाननी झाली. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वाहकांपैकी कोणी हृदय सुदृढ व्हावे म्हणून जिना चढत नव्हता. वर बसलेल्या प्रवाशांना तिकीट द्यावयाचे होते म्हणून तो चढत होता. त्याचे पाय इच्छेची वाट पाहत थांबले नाहीत. कामाने त्यांना नेले.

आजारी माणसानेही चालण्याला एखादे काम जोडून द्यावे. दूध आणणे, शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे, नातवाला शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचविणे; लहानसे असले तरी ते दुसऱ्याच्या उपयोगाचे असावे. आपल्यासाठी उठणे ज्या दिवशी जड जाते, त्या दिवशी दुसऱ्यासाठी उठणे कधी कधी जमून जाते. दुसरे असे, की वेळ ठरविण्यापेक्षा प्रसंग ठरवावा. ‘उद्यापासून चालेन’ ह्या संकल्पापेक्षा ‘दुपारचे ताट उचलले की ओसरीत पाच मिनिटे फिरेन’ हा संकल्प अधिक टिकतो. पीटर गोल्विट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेला सिद्धांतही असाच आहे : ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे आधीच ठरविले, तर ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. थकलेल्या माणसाची निम्मी शक्ती ह्या वादातच खर्च होत असते.

मात्र चालण्याच्या उपदेशालाही मर्यादा आहे. दहा हजार पावलांचा आकडा आज मनगटावरील घड्याळे धाक दाखविल्यासारखा दाखवितात. तो रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून. तो कोणा वैद्याने घालून दिलेला दंडक नव्हता. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांविषयी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटाचे मृत्युप्रमाण २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा पुष्कळ कमी आढळले. शिवाय काही आजारांत श्रम वाढवीत नेणे अपायकारकच ठरू शकते. दीर्घकालीन थकव्याचा जो एक विकार आहे, ज्यात थोड्याशा श्रमानंतरही रोगी दिवसेंदिवस कोलमडून पडतो, त्याच्यासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढविण्याचा उपचार ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनातून २०२१ साली काढून टाकण्यात आला. ‘प्रयत्न करा म्हणजे जमेल’ असे अनेक वर्षे ऐकत आलेल्या त्या रोग्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून आपले माप आपल्या वैद्याला विचारून ठरवावे. छातीत दुखले तर तत्काळ थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी, आणि मधुमेह्याने परतल्यावर तळपाय पाहावेत. तेथील जखम पुष्कळदा दुखत नाही.

विसावा हा चालण्याचाच भाग आहे. पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांचे मुक्काम आणि विसावे आधीच ठरलेले असतात. त्यावाचून एवढी वाट वृद्धांच्या पायांनी सरली नसती. सातव्या दिवशी मान्ना वेचण्यालाही सुट्टी होती. एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याच्या मनोबलाविषयी एक शब्दही काढला नाही. त्याने त्याला भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबाची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर आली. आपण मात्र रोग्याला आधी वाट दाखवितो आणि भाकरीचे विसरून जातो.

म्हणून हा विषय एकट्या रोग्याचा नाही. मध्यम श्रमाची एक साधी खूण वैद्य सांगतात : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बोलायला सोबती लागतो. आपल्या मंडळीत, शेजारात, घरात ज्याला दीर्घ दुखणे आहे त्याला ‘चालत जा’ असे सांगणे सोपे आहे. ‘चला, मी येतो’ असे म्हणण्यात आपला अर्धा तास जातो, आणि आपला वेगही सोडावा लागतो. ज्याला तीनदा थांबावे लागते त्याच्याबरोबर तीनदा थांबणे, आणि थांबल्यावर घड्याळाकडे न पाहणे, हा कोणालाही जमण्याजोगा व्यायाम आहे.

इब्री भाषेत ‘हालाख’ म्हणजे चालणे, आणि आयुष्यात वागणे म्हणजेही तेच. मराठीलाही ही जोड नवी नाही. आपण माणसाचे चालचलन पाहतो. हनोख देवाबरोबर चालला एवढेच शास्त्रात लिहिले आहे. किती कोस आणि किती वेगाने, हे लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. ज्या वाचकांचे बूट दाराशी बरेच दिवस पडून आहेत, त्यांनी आज फाटकापर्यंत जाऊन यावे. तेही आज होण्यासारखे नसेल तर निवांत पडावे. उद्या दुपारी ताट उचलल्यावर पुन्हा विचार करता येईल.