दोष गेला, पण सांपडला काय?

जी विकृति एकसारखी टिकून राहते, तिचें निदान अवघड असलें तरी करतां येतें. परंतु जी येते आणि आपोआप जाते, ती निदान करणाराच्या ज्ञानाइतकीच त्याच्या सचोटीचीही परीक्षा घेते. शरीराच्या बाबतींत हा अनुभव सर्वांसच आहे. आम्ही येथें तो एका यंत्राच्या उदाहरणानें तपासून पाहणार आहों. कारण यंत्र कोणाच्या समजुतीनें बरें होत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्यापुढें निदान करणाराची स्वतःची समजूत उघडी पडते.

उदाहरण अगदीं घरगुती आहे. जुन्या धर्तीची, कार्ब्युरेटरची एक मोटारसायकल घ्या. सकाळीं ती विनातक्रार सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटर उत्तम धांवते, आणि मग एखाद्या चढावर दम सोडून बंद पडते. दहा मिनिटें थांबावें, तों जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं लागते. गॅरेजांत नेली तर दिवसभर तिच्यांत कांहीं खोट दिसत नाहीं.

हें एकच गाऱ्हाणें दोन अगदीं भिन्न कारणांनीं उत्पन्न होऊं शकतें. पेट्रोलच्या टाकीच्या झांकणास हवा आंत येण्यासाठीं एक बारीकसें छिद्र असतें. तें मातीनें वा गंजानें बुजलें, तर टाकींतील पेट्रोल जसजसें खर्च होतें तसतशी आंत पोकळी निर्माण होते, बाहेरील हवेचा दाब पेट्रोलास खालीं येऊं देत नाहीं, आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. गाडी उभी राहिली कीं फटींतून हवा हळूहळू आंत शिरते व प्रवाह पुन्हां सुरू होतो. दुसरें कारण विजेचें. ठिणगी उत्पन्न करणाऱ्या कॉइलच्या वेटोळ्यांत एखादी तार आंतल्या आंत तुटत आलेली असली, तर थंड असतांना ती जुळून असते; इंजिनाच्या उष्णतेनें ती पसरते, सांधा सुटतो, ठिणगी नाहींशी होते; आणि निवल्यावर सांधा पुन्हां जुळतो. एका ठिकाणीं इंधन अडलें, दुसऱ्या ठिकाणीं ठिणगी विझली. पण दोहोंसही औषध एकच लागू पडल्यासारखें दिसतें, तें म्हणजे विश्रांति. सैल झालेली बॅटरीची तार किंवा हँडल वळवितांना तुटणारी जोडणी, अशीं आणखीही कारणें असतात. पण आमच्या मुद्द्यास हीं दोन पुरेशीं आहेत.

आतां मनुष्य काय करतो तें पाहावें. गाडी बंद पडतांच तो प्रथम पेट्रोल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं झांकण उघडतो. दोष झांकणाचाच असेल तर त्या क्षणीं हवा आंत शिरते आणि पुरावा नष्ट होतो. मग तो प्लग काढून पुसतो, पुन्हां बसवितो. गाडी सुरू होते आणि प्लग खराब होता असा निर्णय ठरतो. नवा प्लग घातल्यावर तीन आठवडे गाडी गांवांतल्या गांवांत फिरते, म्हणजे तिला बंद पडण्याइतका वेळ सलग चालावेंच लागत नाहीं. तेवढ्यानें निर्णय सिद्ध झाला असें सर्वजण मानतात.

आमच्या नैयायिकांनीं या चुकीस फार पूर्वींच नांव दिलें आहे. कुंभाराच्या गाढवानें माती वाहून आणली म्हणून तें घटाचें कारण ठरत नाहीं. कार्यापूर्वीं तें हजर होतें, पण त्यावांचूनही घट होऊं शकतो. अशा पूर्ववर्ती गोष्टीस ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. पुढें १८४३ सालीं मिल्ल यानें आपल्या तर्कशास्त्रांत हाच विवेक निराळ्या वाटेनें मांडला: बाकी सर्व परिस्थिति तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि मग फल बदलतें काय तें पाहावें. पुसलेला प्लग हें आमच्या उदाहरणांतलें गाढव होय.

मग खरा शोध कोणता? गाडी बंद असेल त्याच घटकेस, झांकणास हात न लावतां, प्रथम ठिणगी तपासावी. तीही पेट्रोलच्या वाफेपासून दूर, सुट्या प्लगनें. ठिणगी नसेल तर वाट विजेकडे वळते. ठिणगी जोरकस असेल तर मग झांकण उघडावें. हवा आंत ओढली जाण्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर संशय बळावतो. छिद्र साफ करून तोच रस्ता तितकाच चालून पाहावा. आणि सर्वांत शेवटीं, जें फारच थोडे करतात तें करावें: निर्धोक जागीं तें छिद्र मुद्दाम बुजवून गाडी पुन्हां बंद पडते काय हें पाहावें. कॉइल बदलली असेल तर जुनी परत लावून तसाच पडताळा घ्यावा. ज्यास दोष घालवितां येतो आणि परतही आणतां येतो, त्यासच 'मला सांपडला' असें म्हणण्याचा अधिकार आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मालकास गाडी चालावयास हवी असते, प्रमाणशास्त्र नको असतें. पण अनेक जुन्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाच्या फिरण्यावरच जळतो. रात्रीं मालमोटारीस ओलांडतांना इंजिन थांबलें तर वेग आणि उजेड एकदमच जातात. 'आतां कांहीं होणार नाहीं' या आश्वासनावर विसंबून बापानें मुलीस त्या गाडीवर पाठविलेलें असतें. तेव्हां त्या आश्वासनाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न पांडित्याचा उरत नाहीं.

कारागिरास इतका वेळ परवडत नाहीं, हें आम्ही जाणतों. बदललेल्या भागाचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्यानें देतें. विचार करण्यांत गेलेल्या दोन तासांचे देण्यास कां-कूं करतें. म्हणून अंदाजानें एखादा भाग बदलणें हा आमच्या मतें अपराध नव्हे. मात्र त्यासोबत 'हें बदललें आहे. दोष अद्याप सांपडलेला नाहीं' एवढें वाक्य उच्चारलें पाहिजे. आणि तें ऐकून दुसऱ्या गॅरेजाची वाट न धरण्याचा संयम गिऱ्हाइकानेंही दाखविला पाहिजे. खोट्या खात्रीस बाजार आम्हीच मिळवून देतों.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यानंतर नव्या गाड्यांत इंधन फवारणारी यंत्रणा सर्रास आली, आणि दोषाची नोंद ठेवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदूही. त्यानें शोध सुकर झाला खरा. पण ती नोंद कोणत्या मंडलांत बिघाड आढळला एवढेंच सांगते. तो भागाचा कीं तारेचा, हें माणसासच ठरवावें लागतें.

आणि जेथें दोष परत आणून पाहणें शक्यच नाहीं तेथें काय करावें? मुलाचा ताप उतरला तेव्हां कोणत्या काढ्यानें उतरला हें पडताळण्यासाठीं कोणी तो ताप पुन्हां आणीत नाहीं. तेथें आपली प्रतिज्ञा तितकीच सौम्य असली पाहिजे: काढा दिला, आणि त्यानंतर ताप उतरला. या दोन वाक्यांच्या मध्यें 'म्हणून' घालण्यापूर्वीं थांबतां येणें, हें आम्ही सत्यनिष्ठेचेंच एक अंग समजतों.